मामांचा मोकळा रस्ता

शेषेरावांना नांदेडची शिसारी यायला लातूर फाट्यापासूनच सुरुवात व्हायची. तशी ती लातूरचीही यायची, आणि अख्खा जन्म रेणापुरात काढून रेणापूरच्या चौकाबद्दल ते कधी चांगलं बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पण आपल्या गावच्या घाणीची डोळ्यांना सवय झालेली असते. परक्या गावची घाण नव्यानं दिसते, आणि आज तर ती झेंडे-पताका लावून नटूनथटून बसली होती.

मे महिना, लग्नाची दाट तीथ. त्यात मैदानावर कसला तरी उन्हाळी महोत्सव आणि दुपारी कुणा बड्या पुढाऱ्याची सभा. फाट्यापासून दोन्ही बाजूंना बॅनर लागले होते आणि प्रत्येक बॅनरवर गॉगल लावून हात जोडलेली माणसं होती. पुढच्या ऑटोवाल्यानं मान बाहेर काढली आणि पिचकारी मारली. तिचे थेंब वाऱ्यानं उडून थेट शेषेरावांच्या काचेवर आले. त्यांनी घाईनं वायपर लावला, तर तो लाल रंग काचभर पसरला.

"थू!" शेषेराव म्हणाले.

"त्यो बाहीर तरी थुकला," शेजारच्या सीटवरून नागुबाई म्हणाल्या. "तू गाडीतच थुकूलालास."

नागुबाई म्हणजे त्यांची माय. ऐंशीच्या घरातली बाई, पण जिभेला अजून सुरकुती पडलेली नाही. लेकाला ती तोंडावर कंट्रोलर म्हणायची. बाकीचे नातेवाईक पाठीमागं म्हणायचे. त्याला कारणही तसंच होतं. शेषेराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी त्यांनी स्टँडच्या केबिनमध्ये माईकपुढं बसून काढली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुणी कुठं थांबायचं, कुणी आता निघायचं, हे सांगता सांगता माणूस रिटायर झाला, पण त्याच्यातला कंट्रोलर काही रिटायर झाला नाही. घरात भाजी आणायला कुणी निघालं तरी कुठल्या गल्लीतून जा आणि कुठल्यातून परत ये, हे ते सांगत. न ऐकणाऱ्याला उशीर झाला की त्यांना मनातून बरं वाटायचं.

आज त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, सिंधुच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न होतं. सिंधुचा नवरा शिवांगी बालवाडीत असतानाच गेला. सिंधुनं झेडपीच्या शाळेत शिकवत, नांदेडला भाड्याच्या खोल्या बदलत पोरीला वाढवलं, इंजिनीअर केलं. तिच्या मागं उभं राहायला माहेरचा एकच माणूस होता, तो म्हणजे दादा. आणि दादांना आज खरोखरच मागं उभं राहायचं होतं. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या पाठीशी तिचा मामा उभा राहतो. बाप नसलेल्या पोरीच्या पाठीशी कोण उभं आहे हे तर सगळा मांडव बघत असतो. "तू आल्याबिगर पोरीला मांडवात आणणार न्हाई," असं सिंधुनं फोनवर सांगून ठेवलं होतं. "तू काळजीच करू नको," शेषेराव म्हणाले होते. "आपण कव्हा लेट झालो का?"

शिवांगीचं म्हणणं मात्र जरा वेगळं होतं. आठ दिवसांपूर्वी तिनं मामाला फोन केला होता. मामा, तुम्ही उभे राहाल तेव्हा आईपण तुमच्या शेजारी माझ्या मागं उभी राहू दे ना. शेषेरावांनी एका वाक्यात विषय संपवला होता. तो विषय आता नागुबाईंनी पुन्हा उकरून काढला.

"पोरगी म्हणूलाली तर उभी ऱ्हाऊ दे की सिंधुला. आईच हाय ती."

"माय, लोक नावं ठेवतेत."

"कोन लोक?"

"विधवा बाईनं असं स्टेजवर पुढं पुढं करायचं नसतं. तुला म्याच सांगू का आता? मी हाय ना. तिनं आरामात मागं बसावं, पाव्हण्यांचं बघावं."

नागुबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. त्यांचा नवरा जाऊनही आता किती उन्हाळे झाले होते. लग्नामुंजीत त्या कुठं बसायच्या, हे शेषेरावांनी कधी पाहिलं नव्हतं. पाहायची गरजच पडली नव्हती.

दादांच्या निश्चिंतपणाला आणखी एक कारण होतं. त्यांनी आठवडाभर आधीच बंदोबस्त केला होता. नातेवाईकांच्या ग्रुपवर त्यांनी एक लांबलचक मेसेज टाकला होता: लग्नाच्या दिवशी नांदेडात विनात्रास कसे शिरावे. जुन्या पुलाकडं कुणी फिरकू नये. महोत्सवामुळं मैदानाकडचे सगळे रस्ते गच्च असतील, सभेमुळं पोलीस मुख्य रस्ता कधीही बंद करतील. ज्यांना गाडी पाहिजेच असं नाही त्यांनी ती विष्णुपुरीच्या बाजूलाच सावलीत लावून सिटी बसनं यावं. ज्यांच्यासोबत म्हातारी माणसं आहेत त्यांनी लांबच्या पुलानं वळसा घालावा आणि कॅनॉलच्या कडेचा रस्ता धरावा. तो थेट कार्यालयाच्या मागच्या गेटापाशी निघतो, तिकडं कुत्रंही फिरकत नाही, दिवसभर मोकळा. शेवटी "वेळेचे भान ठेवा, आपला शेषेराव." मेसेजला बरेच अंगठे आले होते. सिंधुनं तो मेसेज नवरदेवाकडच्यांनाही पाठवला होता, आणि हे कळल्यावर शेषेरावांची छाती थोडी फुगली होती.

लांबच्या पुलापर्यंत सगळं त्यांच्या मनासारखं झालं. वाटेत एका चौकात मांडव अर्ध्या रस्त्यावर घातला होता आणि त्याच्या खांबाला बांधलेलं बकरं गाड्यांकडं बघत पाला खात होतं. दुसरीकडं जेवणाच्या पत्रावळ्या नालीत ओतल्या होत्या, त्यावर माश्यांचं वेगळंच जेवण चालू होतं. शेषेरावांनी नाकाला रुमाल लावला, काच वर केली, आणि पुढं जाऊन ऐटीत कॅनॉलच्या रस्त्याला गाडी वळवली.

"बघ माय. आता हितून सरळ गेटात."

वळण घेतलं आणि त्यांनी ब्रेक मारला.

रस्ता भरलेला होता. नुसता भरलेला नाही, कोंबलेला होता. एका बाजूला कोरड्या कॅनॉलचा उतार, दुसऱ्या बाजूला घरांच्या कंपाउंडची सलग भिंत, आणि मधल्या बोळात जीपा, टेम्पो, कारा, मोटरसायकली. टेम्पोंच्या मागं पिवळ्या साड्या आणि लाल तोंडं. कॅनॉलमध्ये पाण्याच्या नावानं बाटल्या, डायपर आणि एक फुटका कमोड पडलेला. त्या सगळ्याच्या पुढून, लांबून, छातीत धडधड धडधड असा आवाज येत होता. डीजे.

शेषेरावांनी मागं पाहिलं. तोवर त्यांच्या मागं दोन गाड्या येऊन चिकटल्या होत्या.

"दिवसभर मोकळा," नागुबाई म्हणाल्या.

"माय, तू गप."

ते खाली उतरले. ऊन असं होतं की गाडीच्या दाराला हात लागला तर चटका बसत होता. पुढच्या टेम्पोच्या सावलीत एक धोतर नेसलेला पाहुणा उभा होता. कपाळाला भस्म, खांद्यावर टॉवेल. शेजारी त्याची बायको छत्री धरून उभी होती. ही देगलूरकडची मंडळी होती, गुरुबसप्पा आणि लक्ष्मम्मा, नवरदेवाच्या बाजूचे पाहुणे.

"हा काय तमाशा हाय?" शेषेराव कडाडले. "ह्या रस्त्यानं कुणी बोलवलं ह्या सगळ्या लोकांना?"

"मेसेज आलता की ओ," गुरुबसप्पा शांतपणानं म्हणाला. खिशातून फोन काढून त्यानं पुढं केला.

शेषेरावांनी वाचलं. लांबचा पूल, वळसा, कॅनॉल, कुत्रंही फिरकत नाही. शब्द न् शब्द त्यांचाच होता. फक्त वर गुलाबाचं फूल आलं होतं आणि खाली "आपला शेषेराव"च्या जागी कुणाचं तरी नाव आणि 'भावी नगरसेवक' असं लिहिलं होतं. मेसेज कितीदा पुढं गेला होता याचा पत्ता नव्हता. एकट्या शिवांगीच्या लग्नाचेच पाहुणे नव्हते इथं. सभेचे होते, महोत्सवाचे होते, आणखी कुठकुठल्या लग्नांचे होते. सगळ्या जिल्ह्याला जो रस्ता माहीत नव्हता तो शेषेरावांनी सांगितला होता.

"कोन लिव्हलंय कुणास ठावं," गुरुबसप्पा म्हणाला. "लई हुशार मानूस दिसतोय."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तरी शेषेरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "बेअक्कल लोक," ते पुटपुटले. "सांगितलं म्हणून सगळ्यांनीच यायचं असतंय का?"

तेवढ्यात फोन वाजला. सिंधु.

"दादा, कुठं हाईस? गुरुजी घाई करून राहिलेत. त्यांना अजून एक लग्न लावायचंय."

खरं सांगायला काय हरकत होती? मी कॅनॉलवर हाय, अडकलोय, एवढं म्हणायचं होतं. पण ज्यानं रस्ता सांगितला तोच रस्त्यात अडकला, हे उद्या रेणापूरपर्यंत कळलं असतं. वर्षभर लोकांनी हसून घेतलं असतं. शेषेरावांच्या तोंडून निघून गेलं, "गेटात हाय गं. पोचलोच."

"आलास? बरं झालं बाई," सिंधु म्हणाली आणि तिचा आवाज एकदम सैल झाला. तो सैल आवाज शेषेरावांना टोचला, पण टोचलेलं निस्तरायला वेळ कुठं होता.

गाड्या अर्धा हात सरकत आणि पुन्हा थांबत. पुढं डीजे थांबत नव्हता. गाणं संपलं की एक माणूस माईकवर "आवाज येतोय काऽऽ" असं ओरडायचा आणि दुसरं गाणं लागायचं. हे वाजवतंय तरी कोण, असं शेषेरावांनी एका मोटरसायकलवाल्याला विचारलं.

"नवरदेवाचा परण्या हाय, मामा. सत्यमभाऊचा."

शेषेराव जागीच थिजले. सत्यम म्हणजे शिवांगीचा नवरदेव. लग्नाच्या आधी नवरदेवाला घोड्यावर बसवून वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला नेतात, तो परण्या. तो गावातल्या मुख्य रस्त्यानं जायचा होता.

"त्यो हिकडं कशाला आला?"

"सभेमुळं तिकडं पोलीस सोडनात. मंग कुणीतरी म्हणलं, मेसेजमधी हाय, कॅनॉलचा रस्ता मोकळा हाय, डीजे तिकडून घ्या."

फोन पुन्हा वाजला. "दादा, म्या गेटात येऊन उभी हाय. तू कुठं दिसंना?"

"मागच्या गेटात गं! मागच्या!"

"बरं बरं, तिकडं येते."

शेषेरावांनी फोन खिशात टाकला आणि त्यांना एकाएकी आपल्या तोंडाला घाणेरडी चव आल्यासारखं वाटलं. त्यांनी पाण्याचा घोट घेतला. पाणी गरम होतं.

गाडीत नागुबाई पदरानं वारा घेत बसल्या होत्या. एसी लावून ठेवायचं म्हटलं तर इंजिनाचा काटा वर चढत होता. "जा की पायी," त्या म्हणाल्या. "गेट हितून दिसंल तुला. माझ्यापाशी कशाला बसलास?"

"तुला ह्या उन्हात सोडून? आन् चालत गेलो तर घामानं सदरा..." ते थांबले. इस्त्रीचा पांढराशुभ्र सदरा होता, खास शिवून घेतलेला. त्यांच्या जिवाला तोही लागून होता, हे त्यांना स्वतःलाच आवडलं नाही.

डीजे मधेच थांबला. आणि त्या शांततेत, लांबून, कार्यालयाच्या भोंग्यातून आवाज आला. "नवरीचे मामा शेषेराव, रेणापूरकर. नवरीचे मामा. कुठं असतील तिथून ताबडतोब स्टेजकडं यावं. नवरीला मांडवात आणायचंय."

आयुष्यभर शेषेरावांनी माईकवरून दुसऱ्यांना बोलावलं होतं. आज पहिल्यांदा कुणी त्यांना असं बोलावत होतं, आणि सगळा बोळ ऐकत होता. मोटरसायकलवाला हसून म्हणाला, "हे मामा लई भाव खाऊलालेत. डीजेवाल्यालाबी निरोप आलाय म्हणं, नवरीचा मामा आल्याबिगर बंद करू नका."

"काय?"

"व्हय. मामा आला न्हाई तवर वाजवत ऱ्हावा, असं सांगितलंय. मामा आला की परण्या आत घ्यायचा."

आता मात्र शेषेरावांची तळपायाची आग मस्तकात गेली. ते डीजेच्या मागं अडकले होते आणि डीजे त्यांच्यासाठी अडकला होता. ते गाडीपाशी धावले, नागुबाईंना लक्ष्मम्माच्या हवाली केलं. लक्ष्मम्मानं कानडीत "बर्री अम्मा, बर्री", या या, म्हणत त्यांचा हात धरून टेम्पोच्या सावलीत नेलं. मग शेषेराव धोतराचा सोगा सावरून गाड्यांच्या फटींतून पुढं घुसले.

जसजसे ते पुढं गेले तसतसा आवाज अंगात शिरत गेला. पोटातलं पाणी हलत होतं, दातांत कळ येत होती. डीजेची गाडी भिंतीला घासून उभी होती, तिच्या वरच्या कमानीत विजेची तार गुंतली होती आणि एक माणूस बांबूनं ती तार उचलत होता. नाचणाऱ्यांच्या अंगावर केमिकलचा फेस, जिकडंतिकडं चमकीचे कागद. घाम, अत्तर आणि सकाळीच घेतलेल्या दारूचा मिळून एक वास येत होता. एकजण पाण्याचा पाऊच दातानं फोडून लोकांच्या डोक्यावर फवारत होता, आणि ते पाणी पाऊचमधलं होतं की तोंडातलं, याचा विचार शेषेरावांनी केला नाही, केला असता तर तिथंच ओकारी आली असती. एक बाई सगळ्यांदेखत पोराला कॅनॉलच्या काठावर संडासला बसवत होती. कुणाला कशाची फिकीर नव्हती.

आणि सगळ्यांच्या पुढं घोडं उभं होतं. झूल होती, गोंडे होते, पण पाठीवर कुणी नव्हतं.

"नवरदेव कुठाय?" त्यांनी घोडेवाल्याच्या कानात ओरडून विचारलं.

"कव्हाचा गेला. गुरुजींचा फोन आला, दोस्ताच्या गाडीवर बसून गेला."

म्हणजे नवरदेव गेला होता आणि हे नाचून राहिले होते. रिकाम्या घोड्यापुढं. शेषेराव डीजेच्या केबिनवर हात आपटू लागले. आत मल्लेश नावाचा डीजेवाला कानाला यंत्र लावून मान हलवत बसला होता.

"बंद कर! बंद कर म्हणतो! म्याच मामा हाय! नवरीचा मामा!"

पहिल्यांदा ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा गेलं. मल्लेशचा चेहरा उजळला, त्यानं माईक उचलला आणि ओरडला, "नवरीचे मामा आलेऽऽ! सोडू नका मामांना!"

पुढचं काय झालं ते शेषेरावांनी पुन्हा कधी कुणाला सांगितलं नाही. चारपाच दणकट पोरांनी त्यांना उचललं. कुणी गालाला गाल लावला, तो चिकट होता. कुणी त्यांच्या टोपीत कागद भरून ती पुन्हा डोक्यावर ठेवली, मग ती टोपी गेलीच. एकानं त्यांचा हात धरून कमरेवर ठेवला आणि "हलवा मामा, हलवा" म्हणू लागला. त्याच्या तोंडाचा गुटख्याचा वास शेषेरावांच्या नाकात भरला. ते ओरडत होते, "सोडा! लग्न लागून राहिलंय! सोडा रे हलकटांनो!" आणि पोरं समजत होती, मामा रंगात आले. पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर गुलाबी फेसाचा पट्टा उमटला. शेषेरावांना वाटलं, या क्षणी जमीन फाटावी आणि ह्या सगळ्यांना आत घ्यावं, घोड्याला सोडून.

डीजेच्या दोन गाण्यांच्या मधे त्यांना ऐकू आलं. भोंग्यातून. "शुभमंगल साऽवधान."

कुठून बळ आलं कुणास ठाऊक. त्यांनी एकाच्या छातीवर कोपर मारलं, दुसऱ्याच्या पायावर पाय दिला आणि सुटले. एक चप्पल मागं राहिली. एका पायातली चप्पल घेऊन काय करायचं, म्हणून ती पण टाकली आणि तापलेल्या मातीवरून अनवाणी पळत मागच्या गेटात शिरले. आचाऱ्यांच्या चुली, पातेली, सांडलेला मठ्ठा, त्यात घसरता घसरता सावरले. मांडवात आले तेव्हा बँड वाजत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते.

अंतरपाट खाली आला होता. शिवांगीच्या गळ्यात हार होता. गुरुजी पिशवी भरायला लागले होते. आणि शिवांगीच्या पाठीशी, जिथं त्यांनी उभं राहायचं होतं, तिथं सिंधु उभी होती. फिकट रंगाची साडी, दोन्ही हात लेकीच्या खांद्यांवर. पहिल्या रांगेत दोन बाया तोंडाला पदर लावून एकमेकींच्या कानात कुजबुजत होत्या. शेषेरावांनी त्या बायांकडं पाहिलं आणि त्यांना ओळखलं. हेच ते लोक, जे नावं ठेवणार होते. दोनच निघाले.

सिंधुचं लक्ष गेलं. दादाला पाहताच तिनं खांद्यांवरचे हात काढले आणि सवयीनं एक पाऊल मागं सरकली, जागा करून द्यायला. शिवांगीनं मागं वळूनही न बघता हात मागं नेला, आईचं मनगट धरलं आणि तिला होती तिथं ओढून घेतलं.

शेषेराव स्टेजच्या पायरीशी थांबले. एक पाय वर ठेवला होता, तो खाली घेतला. पायाला मठ्ठा लागला होता, त्याला माती चिकटली होती.

"आलास का रे कंट्रोलर?"

त्यांनी वळून पाहिलं. पुढच्याच खुर्चीत नागुबाई बसल्या होत्या. शेजारी लक्ष्मम्मा मिटलेली छत्री मांडीवर घेऊन बसली होती.

"माय? तू कशी आलीस?"

"चालत. भिंतीच्या कडंकडंनं. ह्या बाईनं छत्री धरली. तू तिकडं नाचूलालतास, त्याच्या मागनं आलो आम्ही. रस्ता मोकळा व्हता की."

ऐंशी वर्षांची म्हातारी जिथून चालत आली तिथून शेषेराव, तिला उन्हात कसं सोडू म्हणून, येत नव्हते.

पंगती बसल्या. शेषेरावांना कुणीतरी ताटावर बसवलं. समोर बुंदी, वरण, वांग्याची भाजी, सगळं गरम, आणि त्यांना एक घास जाईना. सिंधु पाणी वाढत त्यांच्यापाशी आली आणि खाली बसली.

"दादा, तुला राग आला का? गुरुजी थांबायलाच तयार न्हाईत. शिवांगी म्हणली, मामा येईस्तोवर आई उभी राहील, नाहीतर म्या मांडवात येत न्हाई. मंग काय करू?"

"मला कशाचा राग."

"म्या थांबवायला बघितलं रे लई. म्याच डीजेवाल्याला निरोप पाठवला, आमचा दादा आल्याबिगर परण्या आत आणू नका, वाजवत ऱ्हावा म्हणून. तू गेटात हाय म्हणलास, म्या म्होरच्या गेटात जाऊन आले, मागच्या गेटात जाऊन आले. कॅनॉलवर हाय असं एका शब्दानं म्हणला असतास तर तव्हाच डीजे बाजूला घ्यायला लावला असता. कामून सांगितलं न्हाईस?"

तिनं हे भांडायला विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. शेषेरावांनी ताटाकडं पाहिलं. सकाळपासून ज्या ज्या माणसाची त्यांना किळस आली होती, ऑटोवाला, मांडववाला, पाऊचवाला, मल्लेश, ते सगळे एकेक करून डोळ्यांपुढून गेले आणि शेवटी जो उरला त्याची शिसारी सगळ्यांत जास्त आली. त्या माणसाला बाजूला सारून जायलाही जागा नव्हती. तो त्यांच्याच ताटावर बसला होता.

कुणीतरी लांबचा भाचा वाकून विचारत होता, "मामा, परत जाताना कुठल्या रस्त्यानं काढावं? तिकडं महोत्सवाची गर्दी वाढलीय म्हणतेत."

"मला नको विचारू," शेषेराव म्हणाले. "कुणालाबी विचार. मायला विचार."

नागुबाई पलीकडच्या पाटावर सावकाश जेवत होत्या. त्या म्हणाल्या, "तुझी गाडी चुकली रे शेषा. पर एक बरं झालं. गाडी तुझ्यासाठी थांबली न्हाई."

सिंधु हसली, आणि पाण्याचा जग घेऊन उठली. तिच्या विंचरलेल्या, पिकू लागलेल्या केसांत जागोजागी अक्षता अडकल्या होत्या, पिवळ्या, हळद लावलेल्या. नवरा गेल्यापासून तिच्या डोक्यावर कुणी अक्षता टाकल्या नव्हत्या. तिला त्याचं भानही नव्हतं, ती पुढच्या पंगतीला पाणी वाढायला निघाली होती. शेषेरावांनी नकळत आपल्या केसांतून हात फिरवला. तळहातावर चमकीचे कागद आले.